विमान थांबवणारा हरेश्वर

या, अशा जवळ येऊन बसा. दारात उभं राहून बोलायची ही कुठली तऱ्हा? आणि चपला कुठं काढल्यात? बाहेर, जिन्यापाशी? तिथंच चुकलं तुमचं. आधीच इतक्या दिवसांनी येता आणि आल्या आल्या हे. आमच्या कोपरीच्या ह्या बिल्डिंगमध्ये शहाणं माणूस चपला हातात घेऊन आत येतं. बाहेर ठेवल्या की वरच्या मजल्यावरचा हरेश्वर तांडेल जिन्यात उकिडवा बसणार, तुमची चप्पल पालथी करणार, तळ उजेडाकडे धरणार आणि त्यावरून अंगठा फिरवून बघणार, कुठं झिजली आहे, कशानं झिजली आहे.

घाबरू नका, चोर नाही तो. चपलेचा मोह नाही त्याला, झिजेचा आहे.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच घरच्या हळदीकुंकवाला. आत बायका वाण घेताहेत, आणि बाहेर हा बाप्या सगळ्या चपलांची पालथी रांग लावून बसलेला. चप्पल उलटी पडली की घरात भांडण होतं म्हणतात ना? आमच्या बिल्डिंगमध्ये ते खरोखर व्हायचं, कारण हरेश्वर तळ नुसता बघायचा नाही, मोठ्यानं वाचून दाखवायचा. तळमजल्यावरचे प्रधानकाका रोज सकाळी फिरायला जायचे. निदान काकू तसं सांगायच्या सगळ्यांना. हरेश्वरनं एकदा काकूंच्या देखत त्यांचे बूट उलटे केले आणि गंभीरपणे म्हणाला, "काका, हे बूट चाललेले नाहीत. टाच टेकवून बाकावर बसायचं आणि पुढचा पाय हलवत राहायचं, त्याची झीज आहे ही. खाली फरशी आहे, गुळगुळीत. हॉटेल असावं."  दुसऱ्या दिवसापासून काकूही फिरायला जायला लागल्या, आणि काकांचा बटाटेवडा सुटला. काकांनी त्यानंतर कित्येक वर्षं हरेश्वरशी अबोला धरला. हरेश्वरला ते कळलंच नाही. त्याला वाटायचं, काका मुळातच कमी बोलतात.

"झीज खोटं बोलत नाही, वहिनी," हे त्याचं पालुपद. माणसं बोलतात, कागद बोलतात, झीज बोलत नाही म्हणून खरी. माझी सहाण बघून त्यानं सांगितलं होतं की आमच्या घरात गंध उगाळणारा डावखुरा आहे. आमचे हे डावखुरेच. माझा पाटा बघून म्हणाला, तुम्ही रागात असलात की वाटण डाव्या बाजूला ओढता. आता हे खरं की खोटं कोण ठरवणार? पण मी तेव्हापासून रागात असले की मुद्दाम उजवीकडे ओढते.

आता तुम्ही विचाराल, हा माणूस करतो तरी काय. तेच सांगते. हा विमानाचे ब्रेक करतो.

हसू नका. आम्हीही हसलेलो. कोळीवाड्यातल्या मच्छीवालीचा हा मुलगा. मुंबईला कॉलेजात धातूंचं शिकला आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागला. तिथं ट्रकच्या ब्रेकची लायनिंगं व्हायची. मग कधीतरी शेटच्या डोक्यात आलं की ट्रकचं होतं तर विमानाचं का नको. विमान उतरतं तेव्हा त्याच्या चाकातल्या तबकड्या दाबून धरतात, त्यांच्यात ज्या वड्या बसवलेल्या असतात त्या घासतात आणि विमान थांबतं. त्या वड्या इतक्या तापतात की लाल होतात, आणि भराभर झिजतात. झिजल्या की बदला. आणि त्या यायच्या परदेशातून. शेट म्हणाला, हरेश्वर, न झिजणारी वडी इथं कर. झालं. त्या दिवशी एक माणूस कामाला लागला आणि कामातून गेला.

तांब्याची पूड, लोखंडाची पूड, पेन्सिलीत असते ती काळी मऊ पूड, आणि त्यात सिरॅमिक, म्हणजे आपल्या कपबशीच्याच जातीचं पण जास्त हट्टी. हे सगळं मिसळायचं, साच्यात दाबायचं आणि भट्टीत भाजायचं. मी काही शिकलेली नाही, पण त्यानं इतक्या वेळा सांगितलं की आता मला झोपेतून उठवून विचारा. पहिली वडी त्यानं मला दाखवली तेव्हा मला वाटलं, कोणीतरी नारळाची वडी करपवली आहे. मी तसं म्हटलंही. तो रागावला नाही. म्हणाला, करपली आहेच.

सुरुवातीला ते सिरॅमिक मिळायला फार वेळ लागायचा. तेवढा धीर ह्याला कुठला? यानं बिल्डिंगमधल्या फुटक्या कपबशा मागायला सुरुवात केली. खलबत्त्यात कुटायच्या, चाळायच्या, आणि नेऊन बघायचं जमतं का. फुटक्या संपल्या तशा त्याच्या घरातल्या धडक्या कमी व्हायला लागल्या. गुलाबाची फुलं असलेला एक चांगला सेट होता त्याच्या आईचा. तो दिसेनासा झाला तेव्हा म्हातारी गॅलरीत येऊन त्याच्यावर जी बरसली, ते खालच्या रस्त्यावर ऐकू गेलं. "तुजा इमान थांबल तवा थांबल. आलेल्या मानसाला चाय कशान देऊ, ओंजळीत?" त्यानंतर बरेच दिवस तांडेलांकडे चहा पितळी पेल्यात मिळायचा. पदरानं धरून प्यायचा.

त्याची आय म्हणजे बाजारातलं बडं प्रस्थ. सगळे तिला आयच म्हणायचे, मीही. मासळीची पाटी सुटली होती, गुडघे धरले होते, पण आवाज शाबूत. संध्याकाळ झाली की ती गॅलरीत बसायची आणि हरेश्वर जिन्याचं वळण घेतो न घेतो तोच विचारायची, "थांबला का रं तुजा इमान?" तिला वाटायचं, कुठंतरी वर एक विमान फिरतंय आणि ते खाली उतरवून उभं करायचं काम तिच्या मुलाकडे दिलंय. तो म्हणायचा, "नाही आये, अजून नाही." ती म्हणायची, बरं, आधी जेव. आणि हा उभ्यानं जेवायचा.

हो, उभ्यानं. हेच तर आम्हाला नवल. ब्रेक करणारा माणूस, पण त्याला स्वतःला ब्रेक म्हणून नव्हता. बसायचा नाही. बसला तरी खुर्चीच्या कडेवर, जणू कोणी उठवायलाच येणार आहे. गॅलरीत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. बोलताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत राहायची सवय, मिठाची चिमूट सोडावी तशी. लग्नात गेला तर अक्षता टाकून परत. सिनेमाला एकदाच नेला होता आमच्या ह्यांनी, तर मध्यंतराआधीच उठून म्हणाला, मला भट्टीचं बघायचंय. भट्टी बंद होती त्या दिवशी. गुरुवार होता, वागळे इस्टेटला वीज नसायची.

आकाशातून विमान गेलं की पोरं वर बघून ओरडतात. हा बघायचाही नाही. पण एखादं खाली झुकलेलं, सांताक्रूझकडे उतरायला निघालेलं दिसलं की हातातलं टाकून उभा. मी एकदा म्हटलं, अहो, चढणारं विमान किती छान दिसतं. तर म्हणाला, "चढणाऱ्याचं काय कौतुक, वहिनी? उतरणाऱ्याचं बघा." स्वतः मात्र जन्मात विमानात बसलेला नव्हता.

घरात उरलेल्या, नापास झालेल्या वड्यांचा ढीग साठला तेव्हा त्यानं बिल्डिंगला ब्रेक लावायला सुरुवात केली. खालच्या लोखंडी फाटकाला लावला, ते उघडेना. माझ्या शिलाई मशीनच्या चाकाला लावला, दोरा तुटायला लागला. आमच्याच मजल्यावरचा भालेराव त्याच्या कारखान्यात भट्टीवर होता. भालेरावची मुलगी झाली तेव्हा हरेश्वरनं तिच्या पाळण्याला ब्रेक केला, कोणी जोरात झोका देऊ नये म्हणून. त्या पोरीला बारशाच्या दिवशी झोका मिळालाच नाही. बायकांनी पाळणा म्हटला, पाळणा जागचा हलला नाही. भालेरावची बायको म्हणाली, भावजी, विमान थांबवा, माझी लेक कशाला थांबवता? त्यानं तो ब्रेक काढला, पण जाताना पाळण्याच्या कड्या हातात घेऊन बघितल्याच, कुठं झिजतात त्या.

वर्षं गेली. मिश्रणं बदलली, साचे बदलले, केस विरळ झाले. आणि एक दिवस त्याला सापडलं. काळी मऊ पूड जवळजवळ काढून टाकायची आणि सिरॅमिकचा कण टपोरा ठेवायचा. वडी अशी कडक झाली, म्हणाला, की कानसच बोथट होते. वड्या घेऊन तो आणि भालेराव दक्षिणेत गेले. तिथं मोठं यंत्र होतं. विमानाचं चाक गरगरा फिरवायचं आणि ब्रेक लावून थांबवायचं, पुन्हा फिरवायचं, पुन्हा थांबवायचं.

त्या वेळी फोन फक्त कोपऱ्यावरच्या वाण्याकडे. वाण्याचा पोऱ्या धावत आला, तांडेलकाकांचा निरोप आहे म्हणून. निरोप असा होता, की वडी झिजली नाही. आयनं लगेच बाजारातून पेढे आणवले. प्रधानकाकांनासुद्धा दिले, अबोला असून त्यांनी दोन घेतले. मी देवापुढे दिवा लावला.

आणि तिकडे काय झालं ते भालेराव परत आल्यावर कळलं. वडी नव्यासारखी निघाली, ती बघून हा वेडा धावत फोन करायला गेला. मागे तिथल्या लोकांनी समोरची तबकडी काढली. तिच्यावर चर पडलेले. खोल, टाकी घातलेल्या पाट्यासारखे. वडी झिजली नव्हती, कारण तिनं तबकडी खाल्ली होती. आणि तबकडी वडीपेक्षा कितीतरी महाग. इतकी वर्षं ज्यानं जगाच्या चपला पालथ्या करून बघितल्या, त्यानं खालची फरशी म्हणून कधी बघितली नव्हती. भालेराव सांगायचा, ती तबकडी मांडीवर घेऊन हा तिथं किती तरी वेळ नुसता अंगठा फिरवत होता. तिथल्या साहेबांनी शेवटी मागून घेतली.

शेट म्हणाला, तांडेल, तुमची वडी जगली आणि माझं विमान मेलं. शेट वाईट नव्हता, पण त्याचाही धीर सुटला होता. त्यानं सांगितलं की आता एकच संधी. ह्या वेळी नापास झालं तर ती भट्टी विकायची, प्रयोगाची खोली बंद, आणि हरेश्वरनं गुपचूप ट्रकच्या लायनिंगवर परत यायचं.

त्यानंतर काही महिने जिन्यातल्या चपला सुलट्याच राहिल्या. आम्हाला सवय नव्हती. मी मुद्दाम आमच्या ह्यांचे झिजके बूट मधोमध ठेवून बघितले, तो ओलांडून गेला. आय विचारायची तसं विचारायची, आणि तो म्हणायचा, थांबलेलं आये, पण नीट नाही थांबलं. ती म्हणायची, मग परत थांबव. तिच्या लेखी तेवढंच.

त्यानं परत सुरुवात केली. काळी पूड थोडी थोडी परत घातली, सिरॅमिकचा कण बारीक केला, गोल केला. प्रत्येक घाण्याच्या वेळी आता वडी आणि तबकडी दोन्ही मोजायची. एकदा माझ्या ओट्यापाशी उभा राहून म्हणाला, "थोडी झिजू द्यावी लागतेय, वहिनी." आवाज असा, की लेकीची पाठवणी करतोय.

हे सगळं चालू असताना आय गेली. फार आजारी नव्हती. दुपारी जेवली, आडवी झाली, ती उठली नाही. कोळीवाडा लोटला होता. बाराव्याला हा प्रत्येकाच्या पानात वाढत फिरत होता, बस म्हटलं तर ऐकेना. नंतर तर त्याला धरबंधच राहिला नाही. सकाळी लवकर जायचा, रात्री उशिरा यायचा. जिन्याच्या वळणावर मात्र जरा थबकायचा. मग कुलूप काढल्याचा आवाज यायचा. मी डबा ठेवायला लागले दाराशी. सकाळी तो घासून परत माझ्या दाराशी असायचा. भालेराव म्हणायचा, साहेब भट्टी थंड असली तरी तिच्यापाशीच असतात.

शेवटच्या परीक्षेला तो भालेरावला घेऊन पुन्हा दक्षिणेत गेला. ते दिवस मी कसे काढले मलाच ठाऊक. दूध उतू गेलं, आमटीत मीठ दोनदा पडलं, वाण्याच्या दुकानात मी उगाचच हळद आणायला गेले, घरात डबा भरलेला असताना. तिथं बघते तर प्रधानकाका आधीच उभे. म्हणाले, काडेपेटी हवी होती. आम्ही दोघंही फोनकडे बघत उभे राहिलो. वाणी म्हणाला, आला की मीच येईन सांगायला, आता मला गिऱ्हाईक करू द्या.

फोन आला तो असा, की वड्या चांगल्या निघाल्या, पण अजून कोणी काही बोलू नका. तबकडी उघडायची आहे. आणि मग काहीच नाही. दुसरा दिवस कोरडा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. बिल्डिंगचे सगळे दरवाजे एकदम उघडले. हरेश्वर हातात बॅग घेऊन वर आला, दाढी वाढलेली, डोळे लाल. त्यानं आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दोन्ही बाजू चांगल्या आहेत."

एवढंच. भालेरावनं मागून सांगितलं, पास झालो. मग काय विचारता. प्रधानकाकांनी अबोला सोडून त्याचा हातच धरला आणि म्हणाले, माझे बूट बघ रे आता, खरंच चालतो मी. वाण्यानं गूळ-शेंगदाणे वाटले. माझ्या तर डोळ्याला धार लागलेली.

पुढे त्या वड्या खऱ्या विमानाला बसल्या. शेटनं त्याला विमानतळावर नेलं, जाळीच्या अलीकडून बघायला. तो आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाला, काही नाही वहिनी. उतरलं, धावलं, थांबलं. शिडी लावली, माणसं उतरली. एक बाई मुलाचं नाक पुसत उतरली. चाकाकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. हे सांगताना तो इतका खूश होता की विचारू नका.

मग कारखान्यात त्या वड्या रोज व्हायला लागल्या. त्याला माणसं आली, पाळ्या लागल्या, नवी भट्टी आली. शेटनं ह्याला मोठी खुर्ची दिली आणि म्हणाला, तांडेल, आता वेळेवर घरी जात जा.

त्यानं ऐकलं. एक दिवस दिवेलागणीच्या आधीच दारात. मी कडवे वाल सोलत बसले होते, मोड आलेले. तो आत आला. ह्या खुर्चीवर बसला, कडेला नाही, पूर्ण टेकून. पहिल्यांदा बघितलं मी त्याला तसं बसलेलं. आणि मला जरा भीतीच वाटली. बोटं स्थिर. मी म्हटलं, बरं नाही का? तर म्हणाला, बरा आहे. मग त्यानं विचारलं,

"वहिनी, संध्याकाळी लोक करतात तरी काय?"

थट्टा नव्हती हो ती. खरंच विचारत होता. पन्नाशीला आलेला माणूस, आणि त्याला ठाऊक नव्हतं. मी वालाचं पातेलं मधोमध सरकवलं. त्यानं एक दाणा उचलला, साल काढली, दाणा न मोडता बाजूला ठेवला. मग दुसरा. आमचे हे आले, दिवा लावला, तेही बसले. पातेलं रिकामं झालं तरी तो उठला नाही. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, आणखी भिजवले आहेत का?

तेव्हापासून रोज येतो. कधी वाल, कधी लसूण, कधी नुसतं बसणं. आमच्या दोघांच्या गोष्टी त्याच्या ऐकून झाल्या, त्याच्या आम्हाला पाठ आहेत. घरात नवं माणूस आलं की त्याचा चेहरा बघावा. म्हणून म्हणते, असं सणावारी तोंड दाखवून जाऊ नका. या, लवकर या, आणि दुपारचं नको, संध्याकाळचं या. सवडीनं बसा. मी उद्याच वाल भिजत घालते.